उसना डोळा

तिने कपाटाचा शेवटचा स्क्रू काढून ओठांत धरला, काचेला खांदा लावला आणि काकांना मानेनेच खूण केली, पलीकडून धरा. काकांनी धरलं, पण मनापासून नव्हे. काच एका बाजूला कलली.

"काका, सरळ."

"काच सरळच आहे. मीच कलतोय," काका म्हणाले. "बत्तीस वर्षांत हे कपाट उघडलेलं पाहिलं नाही मी. आणि उघडतंय ते तुझ्या हातून."

काका म्हणजे या दालनाचे पहारेकरी. संग्रहालयाच्या तळमजल्यावर पेंढा भरलेल्या प्राण्यांचं लांबलचक दालन आहे, त्याच्या दाराशी त्यांची लाकडी खुर्ची. अस्वल, हरणं, लांडग्याची जोडी, सगळ्यांवर त्यांची नजर असे. पण जीव होता तो कोपऱ्यातल्या या एका कपाटावर. त्यात वाळक्या फांदीवर एक घुबड बसलं होतं आणि खाली खडकावर एक रानमांजर. दोघं एकमेकांकडे टक लावून पाहत होती. इथवर विशेष काही नाही. विशेष हे, की घुबडाचा एक डोळा घुबडाचा होता आणि दुसरा मांजराचा. मांजराची गत बरोबर उलटी. घुबडाच्या उजव्या डोळ्यात गोल बाहुलीच्या जागी उभी चीर होती, आणि मांजराच्या डाव्या डोळ्यात वाटोळी, मोठी, थक्क झालेली बाहुली.

ही जोडी तिच्या बाबांनी घडवलेली. बाबा इथेच कारागीर होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. आणि ती एकोणचाळीस वर्षांची होऊन त्यांच्याच कार्यशाळेत काम करत असूनही तिला मास्तरांची पोरगी म्हणत. मास्तर जाऊन चार वर्षं झाली होती.

"डोळे बदललेस की मी पोरांना काय सांगू?" काकांनी विचारलं.

"खरं ते सांगा. चूक होती, दुरुस्त केली."

"वा! ते ऐकायला येतील होय पोरं?"

काकांची गोष्ट अशी होती. फार पूर्वी रानमांजराला वाटायचं, घुबडाला वरून सगळं रान दिसतं आणि आपल्याला गवताच्या पलीकडचं काही दिसत नाही. घुबडाला वाटायचं, मांजराला भर उन्हातही दिसतं आणि आपल्याला मात्र ऊन पडलं की डोळे मिटून बसावं लागतं. दोघांनी ठरवलं, एकेक डोळा उसना घ्यायचा, एका दिवसापुरता. परत करायची वेळ आली तेव्हा मांजर म्हणालं, आधी तू दे. घुबड म्हणालं, वा रे वा, आधी तू. झालं! तू आधी की मी आधी यात दिवस गेले, वर्षं गेली. तेव्हापासून मांजर पायांना गाद्या बांधून, आवाज न करता चालतं, घुबडाला आपल्या डोळ्याचा पत्ता लागू नये म्हणून. आणि घुबड मान पार पाठीमागे फिरवून बघतं, आपला डोळा घेऊन हे पळालं कुठे म्हणून.

शेवटी काका खुर्चीतून उठून स्वतःची मान फिरवून दाखवत आणि लचक भरल्याचं सोंग करत. मुलं हसून लोळत. एखादं शहाणं पोर विचारी, मग सगळ्याच घुबडांना एक डोळा मांजराचा का नसतो? काका म्हणत, "ही मूळ जोडी. त्यांच्या पोरांना ज्याचे त्याचे डोळे मिळाले. गाद्या आणि मान मात्र वारशात आली." यावर कुणाचं काही चालत नसे.

घोळ झाला तो गेल्या महिन्यात. एका शाळेच्या परीक्षेत घुबडाच्या डोळ्यांवर प्रश्न आला आणि बारा मुलांनी लिहिलं, घुबडाचा एक डोळा मांजराकडून उसना घेतलेला असतो. शिक्षिकेने संग्रहालयाला पत्र लिहिलं. नव्या संचालक बाई दालनात आल्या, चष्मा वर करून, खाली करून त्यांनी जोडी नीट पाहिली आणि तिला हुकूम दिला. शुक्रवारपर्यंत डोळे ज्याचे त्याला.

हुकूम योग्यच होता. तिला त्याचा राग आला नव्हता. तिला कळत नव्हतं ते वेगळंच होतं, आणि ते कोडं आजचं नव्हतं.

बाबांच्या हातून चूक होत नसे. म्हणजे होत असेल, पण त्यांच्या नजरेतून सुटत नसे. हरणाच्या पोटावरचे चार बोटं केस उलटे बसलेत एवढ्यासाठी त्यांनी एकदा तीन आठवड्यांची शिवण उसवली होती. घरात भिंतीवरची तसबीर वाकडी दिसली तर ती सरळ केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. असा माणूस घुबडाचा डोळा मांजराला बसवतो, मांजराचा घुबडाला बसवतो, आणि पुढची बावीस वर्षं रोज सकाळी त्याच कपाटासमोरून चालत कामाला जातो. डोळे बदलायला असा कितीसा वेळ लागतो? एक दिवस. फार तर दोन.

कार्यशाळेत तिने दोघांना टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं आणि वाळून लाकूड झालेल्या पापण्यांवर ओला कापूस बांधला. कातडी भिजून मऊ व्हायला सकाळ होणार होती. एकेका डोळ्यावर पट्टी बांधलेली ती दोघं मारामारी करून आलेल्या भावंडांसारखी दिसत होती. तिला हसू आलं.

संचालक बाई आल्या त्या हातात एक जुनी फाईल घेऊन. बसा म्हटलं तरी उभ्याच राहिल्या.

"तुम्ही ही पाहिली नसेल. मला वाटलं, दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं."

फाईल बाबांची होती. तपासणीला आलेल्या समितीचा शेरा त्यात टाचलेला होता. कामात अक्षम्य निष्काळजीपणा. कार्यशाळेच्या प्रमुखपदासाठी विचार करू नये. त्याखाली बाबांच्या उजवीकडे झुकलेल्या अक्षरात दोन ओळी होत्या. चूक माझ्या हातून झाली. दुरुस्त करण्याची गरज वाटत नाही.

शेरा तिला ठाऊक होता, आईच्या तोंडून शंभरदा ऐकलेला. दुसरी ओळ तिने आज पहिल्यांदा वाचली. मग पुन्हा वाचली.

"मलाही कळलं नाही," बाई म्हणाल्या. "चूक कबूल करतात आणि दुरुस्त करत नाहीत. हट्टी होते का?"

"नाही हो. उलट."

"मग?"

मग काय, तेच तर तिलाही कळायला हवं होतं. ते प्रमुखपद आता तिच्याकडे होतं. कार्यशाळेत ती एकटीच उरल्यामुळे ती स्वतःचीच प्रमुख होती, ही गोष्ट निराळी. पण दारावरच्या पाटीकडे बघताना तिला दर वेळी वाटे, आपण कुणाच्या तरी खुर्चीत बसलोय.

"कपाटावर एक छोटी पाटी लावू म्हणते," बाईंनी खिशातला कागद काढून वाचला. "पूर्वीच्या कारागिराच्या चुकीमुळे या प्राण्यांच्या डोळ्यांची अदलाबदल झाली होती. ती आता सुधारण्यात आली आहे. नाव घातलेलं नाही. मुद्दामच."

"नाव कशाला लागतंय? ही जोडी कुणी केली ते इथे सगळ्यांना माहीत आहे."

बाईंनी कागद खाली केला. कागदाची घडी घालत म्हणाल्या, "दुरुस्तीच्या वहीत चुकीचं कारण तुम्हाला लिहावंच लागेल. ते नीट लिहा. तुम्ही लिहाल तेच मी पाटीवर घेते, शब्द आहे माझा. पण खरं लिहा."

संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा आई गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. तिने चपला काढता काढताच विचारलं.

"आई, बाबांनी ते डोळे बदलले का नाहीत?"

"पुन्हा तेच?" आईने चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली. "मी विचारून विचारून थकले. प्रमुख झाले असते तर आपण त्या दोन खोल्यांत पंधरा वर्षं काढली नसती. मी म्हणायचे, अहो, जा आणि बदला तो मेला डोळा. तर नुसते हसायचे. म्हणायचे, राहू दे, छान बसलाय."

"छान बसलाय?"

"हे असं. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कुणाला?"

दोघींनी चादर ताणली, झटकली, टोकाला टोक जुळवत एकमेकींजवळ आल्या. आईचा आवाज जरा खाली आला.

"मी इथे असते तर होऊ दिलं नसतं. पण तेव्हा मी दवाखान्यात. पाठीचं ऑपरेशन, दोन महिने पडून. तुझ्या मावशीने हात वर केले, मग तुला ते कामावरच घेऊन जायचे. सहा वर्षांची होतीस. भेटायला यायचीस ती कातड्यांचा वास घेऊन. नर्स नाक मुरडायच्या."

"मला काही आठवत नाही."

"कसं आठवेल? रडायचीस नुसती. माझ्या खाटेपाशी यायलाही घाबरायचीस."

तिला दवाखान्याचा हिरवा पडदा तेवढा आठवत होता. आणि गोष्ट. ती गोष्ट मुळात बाबांची. काकांनी त्यांच्याकडूनच उचललेली. पण बाबांच्या गोष्टीत एक खार होती. डोळे बदलायचे तर ते काढणार कोण आणि बसवणार कोण? मांजराला नख्या, घुबडालाही नख्या. म्हणून त्यांनी खारीला बोलावलं, कारण तिचे हात लहान आणि मऊ. खारीने दोन्ही डोळे बसवून दिले आणि ती आपल्या झाडावर निघून गेली. मग भांडण. इथे आलं की ती दर वेळी बाबांना थांबवायची.

"मग खारीला कुणी रागावलं का?"

"कुणी नाही."

"नक्की?"

"नक्की. तिने छान बसवले होते."

काकांच्या गोष्टीतून खार केव्हाच गळाली होती. का गाळली म्हणून तिने एकदा विचारलं, तर काका म्हणाले, बाहेर शाळेची बस उभी असते, खारीला कुठे वेळ आहे?

घडी घातलेली चादर छातीशी धरून ती गॅलरीत उभी राहिली. काहीतरी अगदी ओठांवर आल्यासारखं झालं, आणि आईने आतून दिवा लावायला सांगितला तेवढ्यात गेलं.

सकाळी कापूस सोडला तेव्हा पापण्या मऊ झाल्या होत्या. बोथट आकडा कडेकडेने फिरवत तिने मांजराचा डावा डोळा सैल केला. त्याने काही आढेवेढे घेतले नाहीत. सरळ तिच्या तळहातावर आला. इतक्या सहज येता कामा नये.

तिने तो उलटा केला. पाठ रिकामी होती.

काचेचा डोळा मागून वाटीसारखा पोकळ असतो. ती पोकळी आधी चिकणमातीने गच्च भरायची आणि मगच डोळा खोबणीत दाबायचा, हा बाबांनी तिला दिलेला पहिला धडा. बाबा एक वेळ जेवायला विसरले असते, हे विसरले नसते. म्हणजे डोळा बाबांनी बसवलेलाच नव्हता! तिला एकदम इतका आनंद झाला की ती स्टुलावरून उठलीच. चूक दुसऱ्याच कुणाची तरी होती. मग पुढचा प्रश्न आला आणि ती पुन्हा बसली. दुसऱ्याची होती तर बाबांनी ती आपल्या माथी का मारून घेतली? त्यांच्या हाताखाली कधी कुणी नव्हतंच. त्यांच्या टेबलाला ते इतर कुणाला हातसुद्धा लावू देत नसत.

तिने दिवा ओढून खोबणीवर धरला. वाळलेल्या मातीत एक खळगा होता, लहान आणि लांबट. आधी वाटलं, उंदराने कुरतडलं असेल. मग त्यात बारीक वळणं घेत गेलेल्या रेघा दिसल्या. ठसा होता, अंगठ्याचा. तिने आपला अंगठा टेकवून पाहिला, तो आत गेला नाही. पहिलं बोट गेलं नाही. करंगळीचं टोक तेवढं गेलं.

घुबडाचा उजवा डोळाही तसाच अलगद निघाला. त्याच्या खोबणीत तसेच चार ठसे होते, एकावर एक. डोळा खाली पडेल या भीतीने पुन्हा पुन्हा दाबल्यासारखे. एका ठशाच्या कडेला नखाची इवलीशी कोर उमटली होती.

आणि मग तिला खोबणीभोवतीची कड दिसली. पापणी नीट टेकावी म्हणून डोळ्याभोवती मातीची बारीक वळी फिरवतात. इथे ती फिरवलेली होती, आणि फिरवली होती अशी की तिच्या सफाईला तोड नव्हती. वळीवर जागोजागी मोठ्या अंगठ्याचे दाब होते. बाबांच्या उजव्या अंगठ्यावर सुरीच्या जुन्या जखमेची आडवी रेघ होती. साबणाच्या वडीवरसुद्धा ती उमटायची, आणि आई म्हणायची, यांना सहीची गरजच नाही. प्रत्येक दाबात ती आडवी रेघ होती.

म्हणजे त्यांनी माती ओली असतानाच पाहिलं होतं. डोळा चिमट्याने उचलून बदलायला तेव्हा दोन मिनिटं लागली असती. दोन्ही डोळे एकाच मापाचे, खणात शेजारी शेजारी ठेवलेले. ते त्यांनी केलं नाही. लहान बोटांनी जे बसवलं होतं, त्याच्या भोवती त्यांनी आपलं काम पुरं केलं.

तिला रडू आलं, पण त्याआधी राग आला. एवढं पद गेलं, आईची पंधरा वर्षं गेली, आणि या माणसाला सहा वर्षांच्या पोरीला एवढं सांगता आलं नाही की बाळ, हा डोळा याचा नाही, त्याचा आहे? सांगितलं असतं तर काय झालं असतं? दहा मिनिटं रडली असती. मग तिला आईचं कालचं वाक्य आठवलं, रडायचीस नुसती. त्या दोन महिन्यांत एखाद्या दिवशी ती रडायची थांबली असेल, या टेबलाशी, हातात माती घेऊन. तिने डोळे मिटून आठवून पाहिलं. हिरवा पडदा. त्याच्या पलीकडे काही नाही. आपल्याच हातचं काम समोर होतं आणि आपल्याला ते आठवत नव्हतं.

बराच वेळ ती ते दोन डोळे तळहातांवर घेऊन बसली. मग तिने ज्याचा डोळा त्याला लावला. बसवण्याआधी, शिकवल्याप्रमाणे, काचेची पोकळ पाठ भरायला तिने मातीची गोळी चिमटीत घेतली. भरलेला डोळा दाबला की खोबणीतली जुनी माती झाकली जाणार, ठसे पुसले जाणार. तिने गोळी परत डब्यात टाकली. दोन्ही डोळे तिने रिकाम्या पाठीनेच बसवले आणि आधार म्हणून बाहेरून नवी वळी फिरवली, बाबांच्या वळीला लागून.

दुपारी काका आले तेव्हा ती दुरुस्तीच्या वहीत लिहीत होती. काका आधी टेबलाभोवती एक फेरी मारून आले. घुबड घुबडासारखं बघत होतं, मांजर मांजरासारखं.

"छान झालंय," काका म्हणाले, पण चेहरा पडलेला. "अगदी पुस्तकातल्या चित्रासारखं. कुणी दुसऱ्यांदा वळून बघणार नाही."

तिने वही त्यांच्याकडे सरकवली. काकांनी चष्मा शोधला, तो कपाळावरच होता, तो खाली ओढून त्यांनी वाचलं. चुकीचं कारण या रकान्यात लिहिलं होतं, "डोळे मी बसवले होते. तेव्हा माझं वय सहा होतं. वडिलांना माहीत होतं."

काकांनी वहीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, परत वहीकडे.

"हे काय लिहिलंस?"

"खरं ते."

"आणि हे पाटीवर लावणार?"

"बाईंनी शब्द दिलाय."

काका स्टूल ओढून बसले. त्यांनी नुसती मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते काही कळलं नाही.

"मास्तर मला एकदा म्हणाले होते," ते सावकाश म्हणाले, "गोष्ट सांग हवी तशी, पण खार ठेव. मला वाटलं, म्हाताऱ्याचं आपलं काहीतरी." त्यांनी वही मिटली. "उद्या सकाळी दोन वर्गांची सहल येतेय. डोळे तर गेले परत ज्याचे त्याला. काय सांगू मी त्यांना?"

तिने पेनाचं टोपण लावलं. अंगठ्यावरची माती वाळली होती, ती तिने पुसली नाही.

"तीच गोष्ट सांगा, काका. मान पण फिरवा. बस थांबली तर थांबू दे, या वेळी खार गाळू नका."